वंशावळीतले चार आणि राहून गेलेले सव्वीस

मागच्या वर्षी चुलत भावाच्या पोरीची कास्ट व्हॅलिडिटी काढायची होती, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा वंशावळ कागदावर उतरली. ओबीसी म्हटलं की 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, मग आबाजींच्या शाळेतून दाखल-खारीजचा उतारा आणा, गावच्या कोतवाल बुकाची (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढा, प्रतिज्ञापत्र करा, नागपुरात ज्याच्या घरी बारावीचं पोरगं आहे त्याला हे सगळं पाठ असते. तर कागदावर वर खापरपणजोबा, मग पणजोबा, आबाजी, बाप आणि खाली ही पोरगी. अख्ख्या कागदावर बाई एकच, तीही अर्जदार म्हणून.

पोरगी बायोलॉजीवाली, तिनं विचारलं, "काका, यात आजी कुठं आहे?"

मग आम्ही हिशोबच मांडला. आईबाप 2, दोन्हीकडचे आजी-आजोबा 4, त्यांचे आईबाप 8, त्यांचे 16. चार पिढ्यांत 30 माणसं, त्यातली कागदावर 4. बाकीच्या 26 जणांचं काय?

गंमत पुढंच आहे. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप अशी जी सरळ रेघ आपण वंशावळ म्हणून काढतो ती म्हणजे वाय गुणसूत्राचा रस्ता, कारण वाय फक्त बापाकडून पोराला जाते. आणि जिच्यासाठी कागद काढला तिच्या अंगात वाय आहेच कुठं? उलट तिचं मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या वीजघरातलं, डीएनए (16,569 अक्षरांची छोटीशी गोल साखळी) फक्त आईकडून येते, म्हणजे वहिनीकडून, वहिनीला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून, आणि यातली एकही बाई त्या कागदावर नाही. बापाकडून पोरीला एक्स गुणसूत्र मिळालं ते बापाला त्याच्या आईकडूनच मिळालं होतं, म्हणजे आमच्या मोठ्या आईचा एक्स जवळपास जसाच्या तसा नातीत आहे, पण मोठी आईही कागदावर नाही. ज्या खापरपणजोबाचं नाव सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलं त्यांचा वाटा सरासरी सोळाव्या हिश्श्याचा, सव्वासहा टक्के! त्याच पिढीतल्या बाकीच्या पंधरा जणांचाही सरासरी तेवढाच.

म्हणून मी म्हणतो, सुरुवात करायचीच तर या तीस घरांपासून करा. एक मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, तीस चौकोन काढा आणि जे माहीत आहे ते पेन्सिलीनं भरा. पेन्सिलीनंच, कारण खोडावं लागतेच.

पहिलं काम म्हणजे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसणं, कागदपत्रं पटवाऱ्याकडं उद्याही मिळतील. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा (विचारून), आणि "तुझा जन्म किती साली?" असं विचारूच नका. मी विचारलं तर मोठी आई म्हणाली, "मले काय माहीत बाप्पा, आधारवर पाय." आधारवर 1 जून 1945. आता 1 जून म्हटलं की महाराष्ट्रात कोणालाही कळते की ही तारीख कोणीतरी बसवलेली आहे. मग मी विचारलं, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली ते आठवते का? तर लगेच म्हणाली, "हाव, लय गर्दी होती, मी तिसरीत होती तवा." दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची, म्हणजे जन्म साधारण 1947-48 चा, आधारपेक्षा दोन-तीन वर्षं लहान!

हा काही मोठ्या आईचा दोष नाही. माणसाची आठवण साल धरून ठेवत नाही, जुनी घटना आपल्याला आहे त्यापेक्षा अलीकडची वाटू शकते, पण एखाद्या मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या घटनेला दोरी बांधली की अंदाज सुधारतो. नागपूरकडे असे खुंटे भरपूर आहेत, मोवाडचा पूर म्हणजे 1991, आणि अजून मागं गेलं तर "मानमोडीत गेले" म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. आमच्या पणजोबांचे भाऊ मानमोडीत गेले एवढं एकच वाक्य घरात होतं, पण त्यामुळं कोतवाल बुकात कोणतं साल चाळायचं हे तरी कळलं.

वयाचंही तसंच, जुन्या नोंदीत मेलेला माणूस हमखास 50, 55 नाही तर 60 वर्षांचा असतो. लोकसंख्येचा अभ्यास करणारे हे मोजतात, त्याला व्हिपल निर्देशांक म्हणतात, 23 ते 62 वयाच्या लोकांत 0 आणि 5 नं संपणारी वयं अपेक्षेच्या (पाचातलं एक) किती टक्के आहेत ते पाहायचं, 100 आलं तर वयं नीट सांगितली आणि 500 आलं तर सगळ्यांनीच गोल आकडा ठोकला. म्हणून "वय 60" दिसलं तर पाच वर्षं अलीकडं-पलीकडं धरूनच शोधा. शके लिहिलं असेल तर 78 मिळवा, शके 1850 म्हणजे इसवी सन 1928.

सगळ्यात अडते ते बायकांवर. लग्नात आडनाव बदलते, कित्येकींचं पहिलं नावही बदलते, म्हणजे माहेरची एक बाई आणि सासरची दुसरी, आणि दोघी एकच हे फक्त कोणा म्हातारीला माहीत. त्यामुळं प्रत्येक बाईच्या चौकोनात माहेरचं नाव, बापाचं नाव, गाव, या तीन गोष्टी लिहाच. गाव कोणत्या जिल्ह्यात होतं तेही पहा, गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यातच होता, आणि सौसर-पांढुर्णा आज मध्य प्रदेशात असले तरी 1956 पर्यंत नागपूरच त्यांची राजधानी होती.

आणखी एक, चौकोन वर वर दुप्पट होत जातात म्हणून घाबरू नका. तीस पिढ्यांमागं हिशोबानं 107 कोटी पूर्वज निघतात आणि तेव्हा अख्ख्या जगातही एवढी माणसं नव्हती. उत्तर आपल्याच लग्नांत आहे, मामाची पोरगी केली की त्या जोडप्याच्या लेकराला आठ पणजी-पणजोबा नसून सहाच असतात, तीच माणसं दोन-दोन चौकोनांत येतात. आमच्याकडे हे निघालं तेव्हा एक काका उगाच चिडले.

डीएनए किट मागवू का असं पोरगी विचारते. मी म्हटलं थांब, त्यातून खापरपणजीचं नाव निघत नाही. नातं जुळायचं तर दुसऱ्या नातेवाइकानंही टेस्ट केलेली पाहिजे, आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झालेली असली की लांबचा माणूसही जवळचा दिसतो. शिवाय तुझा डेटा दिला म्हणजे थोडा तुझ्या बापाचा आणि आजीचाही दिला, त्यांना विचारलं का?

सध्या तीसपैकी सतरा भरले. वहिनीच्या आईची आई सौसरकडची, तिचं माहेरचं नाव कोणालाच माहीत नाही, आणि पोरीचं मायटोकॉन्ड्रिया तर तिच्याच रस्त्यानं आलं आहे. दिवाळीनंतर जाऊन पाहायचं ठरलं आहे, मोठी आई म्हणते मीही येते, तिकडं तिची कोणी चुलत मावशी आहे म्हणे. आता ही मावशी कोणत्या चौकोनात बसते ते गाडीत विचारतो.