झिप फाइल अपलोड (ऑनलाइन शिक्षणप्रणाली)

अनेक फाइली एका संक्षेपित फाइलीत बांधून त्या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवर एकदम चढवण्याची पद्धत. शिक्षक अभ्याससाहित्यासाठी आणि विद्यार्थी गृहपाठ वा प्रकल्प जमा करण्यासाठी ती वापरतात. आरएआर, सेव्हन-झिप असे इतर प्रकार असले, तरी फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आणलेला झिप हाच सर्वत्र चालणारा प्रकार होय.

झिप केल्याने फाइल लहान होते, हा समज अर्धाच खरा आहे. झिपमधील डिफ्लेट पद्धत मजकुरात पुन्हा येणारा भाग परत लिहीत नाही. ‘इतके मागे जा, तेवढे उचल’ अशी खूण ठेवते. ही कल्पना लेम्पेल व झिव यांची, १९७७ सालची. त्यावर हफमन संकेतन (१९५२) वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देते. साधा मजकूर किंवा प्रोग्रामचा कोड यामुळे बराच आक्रसतो. जेपीईजी चित्रे आणि एमपी-४ व्हिडिओ मात्र आधीच दाबलेले असतात, आणि वर्डची डॉक्स (.docx) फाइल तर मुळात झिपच असते. आकाराच्या मर्यादेत बसावा म्हणून व्हिडिओ झिप करणे ही वाया जाणारी मेहनत आहे. इथे झिपचे खरे काम गाठोडे बांधण्याचे.

हे गाठोडे चढवल्यावर त्याचे काय होणार, हे ते कुठे टाकले यावर ठरते, आणि बहुतेक घोळ इथेच होतात. मूडल या २००२ पासूनच्या मुक्त प्रणालीत गृहपाठात टाकलेली झिप तशीच राहते. शिक्षकाने फोल्डरसाठी चढवलेली झिप मात्र जागच्या जागी उलगडता येते. ती उलगडायची राहिली, तर मोबाइलवरून वाचणाऱ्यांची अडचण होते. तिसरा प्रकार स्कॉर्म पाठांचा, म्हणजे वेगवेगळ्या शिक्षणप्रणालींत चालावेत म्हणून ठरावीक प्रमाणानुसार बांधलेल्या पाठांचा. स्कॉर्म पाठ हीच एक झिप असते आणि तिच्यात ‘आयएमएसमॅनिफेस्ट’ नावाची एक्सएमएल फाइल सर्वांत वरच्या पातळीवर असावी लागते. फोल्डरच्या आतले साहित्य निवडण्याऐवजी अख्खा फोल्डर झिप केला, की ही फाइल एक पायरी खाली जाते आणि पाठ नाकारला जातो. बाहेरून दोन्ही झिप सारख्याच दिसत असल्याने चूक पटकन उमगत नाही.

आकाराची मर्यादा सर्व्हर, संकेतस्थळ, अभ्यासक्रम आणि त्या-त्या कृतीची वेगवेगळी असू शकते; त्यांतली सर्वांत लहान लागू होते. मूडल ज्या पीएचपी या संगणकभाषेत लिहिले आहे, तिची मूळ मर्यादा अवघी २ एमबी आहे, ती वाढवणे प्रशासकाच्या हाती. झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते. त्यामुळे अपलोड अर्धवट तुटले, तर बहुतेक मजकूर पोहोचूनही फाइल उघडत नाही. जुन्या साधनांनी बांधलेल्या झिपमध्ये देवनागरी नावांची अगम्य चिन्हेही होतात.

उलगडणारी प्रणाली सावधही असावी लागते. ‘४२ झिप’ ही कुप्रसिद्ध फाइल ४२ केबींची. पूर्ण उलगडल्यास सुमारे ४.५ पेटाबाइट, म्हणजे जवळपास ४५ लाख जीबी. म्हणून उलगडल्यावर होणारा आकार उलगडण्यापूर्वीच तपासतात.

मूडलमध्ये उलट प्रवासही होतो: सर्वांचे गृहपाठ एकाच झिपमध्ये उतरवून, तपासून, अभिप्रायाच्या फाइली पुन्हा झिपनेच चढवता येतात. उतरवलेल्या नावांतच विद्यार्थ्याची ओळख गुंफलेली असते. ती नावे बदलली, तर कोणता अभिप्राय कोणाचा हे प्रणालीला जुळवता येत नाही.