जुन्या ट्रकचा टेम्परेचर मीटर: काटा खोटा की इंजिन गरम?

जुना ट्रक असला की टेम्परेचर मीटरची तक्रार ठरलेलीच. सकाळी इंजिन गार असताना चावी फिरवली की काटा थेट एचवर (हॉट, म्हणजे गरम), नाहीतर खंबाटकी घाट चढून वर आलो, इंजिनच्या कव्हरवरून पायाला झळ लागतेय आणि काटा आपला सीवर (कोल्ड, म्हणजे गार) निवांत पडून. मग गॅरेजमध्ये काय होतं, तर आधी मीटर बदलतात, फरक पडला नाही की सेन्सर बदलतात, तरी नाही तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा, ज्याला सगळे व्हॉल्व्ह म्हणतात, तोच काढून फेकून देतात, की घे, आता गरमच होणार नाही. पैसे तिन्ही वेळा जातात. खरं तर एक वायर काढली तर दोन मिनिटांत कळतं की गडबड कुठल्या बाजूला आहे, फक्त काटा नेमकं काय मोजतो ते माहीत पाहिजे.

तर काटा तापमान मोजतच नाही. तो मोजतो करंट. टाटा ४०७ घ्या, १९८६ ला आलेली गाडी, मार्केट यार्डात आजही रांगेने उभ्या दिसतात, जुनं इंजिन ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), नावातच हिशोब. या काळातल्या गाड्यांमध्ये बॅटरीतून निघालेला करंट चावीतून डॅशबोर्डच्या मीटरमध्ये येतो, तिथून एका वायरने थर्मोस्टॅटजवळ बसवलेल्या सेन्सरमध्ये, सेन्सरच्या आट्यांमधून इंजिनच्या धातूत, आणि मग इंजिन ते चॅसी अशी जी जाड अर्थची (अर्थिंगची) पट्टी असते तिच्यातून परत बॅटरीच्या निगेटिव्हला. या अख्ख्या फेरीत कुठेही गंज, सैल नट किंवा सोललेली वायर असेल तर काट्याला ते तापमानच वाटतं, त्याला बिचाऱ्याला फरक कळायचं काही साधन नाही.

सेन्सरच्या पितळी टोपीत एक छोटी सिरॅमिक चकती असते, मॅंगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडची. साधी तांब्याची तार तापली की तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा विरोध, वाढतो कारण आतले अणू जास्त थरथरतात आणि इलेक्ट्रॉनच्या वाटेत येतात. या चकतीचं उलटं आहे, ती तापली की आत अडकलेले विद्युतभार मोकळे होतात, वाहायला जास्त गडी मिळतात आणि रेझिस्टन्स उतरतो. हा उलटा प्रकार मायकेल फॅरडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता, पण त्याचा धंद्यात उपयोग व्हायला विसावं शतक उजाडलं.

आता आकडे बघा, कारण खरी गंमत आकड्यांतच आहे. बाजारात खूप चालणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरचा रेझिस्टन्स ४० अंशाला साधारण २८७ ओहम (रेझिस्टन्स मोजायचं माप) असतो, ९० ला ५१, १०० ला ३८, ११० ला २९ आणि १२० ला जेमतेम २२-२३. (तुमच्या गाडीच्या सेन्सरचे आकडे वेगळे असू शकतात, घसरण अशीच असते.) म्हणजे गार असताना आकडे लांब लांब आणि गरम झाल्यावर एकदम दाटीवाटीने. समजा अर्थच्या वाटेत कुठेतरी, सेन्सरच्या आट्यांवर वगैरे, गंज चढून सर्किटमध्ये फुकटचे १० ओहम वाढले. इंजिन ४० अंशावर असताना २८७ चे २९७ झाले, कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण पाणी ११० वर गेलं तर २९ चे ३९ होतात, आणि ३९ म्हणजे काट्याच्या हिशोबाने १०० अंश. इंजिन उकळायच्या बेतात आणि मीटर म्हणतोय थोडंसं गरम आहे. थंडीत बरोबर आणि घाटात चूक असा मीटर असेल ना, तर माझा पहिला संशय अर्थवर, सेन्सर नंतर.

बरं, ती वायरची टेस्ट. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरवरची वायर काढा आणि हवेत धरा, काटा सीवर पडला पाहिजे, कारण रस्ता तुटला, करंट शून्य. मग तीच वायर क्षणभर इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा, काटा एचकडे पळाला पाहिजे. क्षणभरच हं, कारण आता पूर्ण करंट मीटरमधून जातोय. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर बऱ्यापैकी ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा इंजिनच्या अर्थमध्ये. वायर काढल्यावरही काटा एचवरच राहिला तर वायर वाटेत कुठेतरी चॅसीला घासून शॉर्ट झालीय, किंवा मीटरच गेलाय. सकाळी गार इंजिनला थेट एच दाखवणाऱ्या गाड्यांची पहिली झडती इथेच घ्यायची, बहुतेक वेळा वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून जाते तिथे रबर गळून पडलेलं असतं. आणि वायर इंजिनला लावूनही काटा हललाच नाही तर तुटलेली वायर, उडालेला फ्यूज नाहीतर मीटर. काही सेन्सरना दोन पिना असतात, एक मीटरची, एक लाल दिव्याची, त्यांची अदलाबदल झालेली असेल तर ही टेस्ट उगाच चक्रावून सोडते, तेवढं बघून घ्या.

दोन टोकं बरोबर आली म्हणजे मधलं बरोबर असेलच असं नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ४७ ओहमचा रेझिस्टर आणा, ५ वॅटचा, छोटा आणला तर बोटं भाजतील, आणि वायर व इंजिन यांच्यामध्ये तो धरा. वरच्या आकड्यांचा सेन्सर असेल तर काटा ९० च्या किंचित वर थांबायला हवा. डायलवर आकडे नसले, जे जुन्या गाड्यांत नसतातच बऱ्याचदा, तरी निदान काटा मध्याच्या आसपास थांबतोय की नाही ते दिसतं.

अर्थ तपासायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिनच्या उघड्या धातूला, इंजिन चालू, हेडलाइट चालू. चांगल्या अर्थमध्ये जवळपास शून्य येतं. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट आला तर पट्टी उघडा, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासा आणि परत कसा. याचीच बहीण म्हणजे डॅशबोर्डची अर्थ. हेडलाइट लावला की काटा हलतो, इंडिकेटरबरोबर काटा नाचतो, असं असेल तर ते इंजिनचं तापमान नाही, डॅशबोर्डची अर्थ रडतेय. आणि डिझेलचा काटाही त्याच वेळी चुकत असेल तर सेन्सरचा विचार सोडून द्या, दोन वेगळे सेन्सर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत, दोघांचं जे समाईक आहे ते शोधा.

समाईक म्हणजे अर्थ, नाहीतर व्होल्टेज स्टॅबिलायझर. काही जुन्या मीटरमध्ये काट्यामागे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, तिच्याभोवती बारीक हीटरची तार, करंट आला की पट्टी तापून वाकते आणि काटा ढकलते. असा मीटर ओळखायला सोपा, चावी फिरवल्यावर काटा आळसावून हळूहळू वर येतो. याला ठरावीक व्होल्टेज लागतं म्हणून मागे एक स्टॅबिलायझर असतो, तो बिघडला की रेस दिली, चार्जिंग १४ व्होल्टवर गेलं, की काटाही वर. दुसरा प्रकार दोन कॉइलचा, त्यात दोन चुंबकी ओढींची एकमेकांशी तुलना होते त्यामुळे व्होल्टेज कमीजास्त झाल्याचा फारसा फरक पडत नाही, आणि काटा चटकन जागेवर येतो.

आता सेन्सर. तो काढा (गार इंजिनवर, पाणी थोडं सांडणार हे धरून), दोरीने पातेल्यात सोडा, फक्त टोक बुडवा, आणि पाणी तापवत थर्मामीटर आणि मल्टिमीटर शेजारी शेजारी वाचा. एक बारकावा बहुतेकांच्या डोक्यात येत नाही, पाणी सगळीकडे १०० ला उकळत नाही. मुंबईत १००, पुण्यात समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर ते ९८ च्या आसपास उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. म्हणजे वाईच्या वर घाटमाथ्यावर उकळत्या पाण्यात सेन्सर टाकून १०० चा आकडा शोधत बसलात तर चांगला सेन्सर खोटा ठरेल. नवीन घेताना नुसते आटे जुळले म्हणून घेऊ नका, सेन्सर आणि मीटर ही जोडी असते, दुसऱ्या गाडीचा सेन्सर घट्ट बसेल आणि आयुष्यभर चुकीचं सांगेल. ४०७ बारा व्होल्टची आहे आणि बरेच मोठे ट्रक चोवीसचे, मीटर घेताना तेही बघा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढ्यांवर वेढे मारायचे नाहीत, अर्थ त्या आट्यांतूनच जाते.

ज्यांना इंजिनचं खरं तापमान हवंय ते हल्ली टेम्परेचर गन घेऊन येतात. गन चांगली वस्तू आहे पण ती उष्णतेचा प्रकाश वाचते, आणि चकचकीत ॲल्युमिनियम असा प्रकाश फारच थोडा सोडतो, वर आजूबाजूचाच परावर्तित करतो. ९० अंशाचं हाउसिंग गनवर चाळीस-पन्नासचं दिसू शकतं. तिथे काळ्या रंगाचा एक ठिपका मारा आणि त्यावर गन धरा, मग आकडा विश्वासाचा.

सगळ्यात घातक केस मात्र यातली कुठलीच नाही. घाटात काटा चढत चढत गेला आणि मग अचानक खाली पडला, तर ड्रायव्हर सुटकेचा श्वास टाकतो, वाटतं गार झाली. अनेकदा झालेलं असतं ते असं की होज किंवा पंपातून पाणी निघून गेलंय, सेन्सरभोवती आता पाणीच नाही, हवा आणि वाफेचा फुगा आहे, आणि हवा पाण्याइतकी उष्णता सेन्सरला देऊ शकत नाही. इंजिन पेटायला आलंय आणि मीटर गार म्हणतोय, आणि या वेळी मीटर पूर्ण प्रामाणिक आहे, त्याच्या जागी खरंच तेवढंच तापमान आहे. थांबा, गाडी बाजूला घ्या. रेडिएटरची कॅप मात्र हात लावता येईल इतकी गार झाल्याशिवाय उघडायची नाही. अर्धा बार जादा दाबाखाली साधं पाणी १११ अंशापर्यंत उकळत नाही, तुम्ही कॅप उघडली की तो दाब क्षणात जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

उलटं पण होतं, मीटर बरोबर असतो आणि माणसाला तो बिघडलाय असं वाटतं. कार चालवून आलेल्याला ट्रकचा काटा सारखा वरखाली होताना दिसला की तो घाबरतो. नव्या कारमध्ये कॉम्प्युटर मुद्दाम काटा मध्ये अडकवून ठेवतो, पाणी ८० असो नाहीतर १००, काटा तसाच, कारण गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला येऊ नये. जुना ट्रक असलं काही करत नाही. घाटात खालच्या गियरला लोड घेऊन चढताना काटा वर जाणार, उतारावर खाली येणार, हे तब्येतीचं लक्षण आहे. आणि उतारावर तो फारच खाली गेला, सपाटीलाही वर यायला तयार नाही, तर मागच्या कोणीतरी व्हॉल्व्ह काढलाय का ते आधी विचारा. थर्मोस्टॅट नसलं की पाणी कायम रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त पितं, सिलिंडर लवकर घासतात, आणि मीटर मात्र त्याचं काम करत असतो.

इतकं करूनही विजेच्या मीटरवर भरवसा बसत नसेल तर यांत्रिक मीटर शेजारी लावून घ्या, त्याला ना वायर ना अर्थ. एका टोकाला द्रव भरलेला छोटा बल्ब, तिथून केसासारखी तांब्याची नळी थेट डायलपर्यंत, द्रव तापला की दाब वाढतो आणि डायलमधली वाकडी नळी सरळ व्हायला बघते, तीच नळी जिचं पेटंट युजीन बूर्दाँ याने पॅरिसमध्ये १८४९ ला घेतलं. फक्त बसवताना ती बारीक नळी जास्त आहे म्हणून कापू नका, गोल वेटोळं करून बांधून ठेवा. कापली की आतला द्रव गेला, आणि मग तिला जोड नाही, अख्खा मीटर नवीन घ्यावा लागतो.