पार्श्वभूमी : सलाईन लावणं आणि सांभाळणं

पेरणी-निंदणाच्या दिवसांत विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सिस्टर, एक सलाईन लावून द्या ना, अंगात जीवच नाही राह्यला." ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, चमचाभरही नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे एका भाकरीचीही शक्ती त्यात नाही. हे कितीदा सांगितलं तरी बाटलीचा मान कमी होत नाही. तो तिला मिळाला पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या साथीत.

१८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकी पसरली. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी व क्षार निघून गेल्याचं दाखवलं. (पुढे हाच माणूस कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा त्याने टाकल्या.) १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावच्या डॉक्टर थॉमस लॅटाने एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेत मीठपाणी सोडलं, अर्ध्या तासात तीन लिटरहून जास्त. बसलेले डोळे उघडले, हातपाय गरम झाले, ती बोलू लागली. लॅटा तिला तिथल्या डॉक्टरच्या हवाली करून निघून गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा दिलं गेलं नाही, त्याला कुणी कळवलंही नाही. साडेपाच तासांत ती गेली. नर्सिंगच्या मुलींना शिकवताना मी सुरुवात याच गोष्टीने करते. औषध बरोबर होतं, शीरही बरोबर सापडली होती. लावल्यानंतर लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर अनेक वर्षं शिरेतून पाणी दिलं की रुग्णाला हुडहुडी भरायची, ताप चढायचा. पाणी उकळलेलं असूनही असं का होतं, याचा उलगडा १९२३ मध्ये फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेने केला. उकळल्याने जंतू मरतात, पण त्यांनी पाण्यात सोडलेली तापजनक द्रव्यं तशीच राहतात. आजही सलाईन सुरू असताना थंडी वाजून आली, तर "पंखा बंद करा, ब्लँकेट टाका" एवढ्यावर भागत नाही. आधी सलाईन बंद करायची, मग डॉक्टरांना बोलवायचं, बाटली आणि सेट (बाटलीपासून शिरेपर्यंतची नळी) फेकायचा नाही, बॅच नंबर लिहून ठेवायचा.

आमच्या आधीच्या पिढीतल्या सिस्टर काचेच्या बाटल्या आणि रबरी नळ्या वापरत. सुया स्टरिलायझरमध्ये उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची. बाटलीत हवा जावी म्हणून बुचात वेगळी सुई खुपसायची. त्या वाटेने वॉर्डातली धूळही आत जाई. प्लास्टिकची बाटली आपोआप आकसते, ती सुई लागत नाही. म्हणूनच "सलाईन हळू जातेय" म्हणून प्लास्टिकच्या बाटलीला सुईने भोक पाडणारा हात दिसला की मी तिथल्या तिथे थांबवते. ५० वर्षांत मिळवलेलं सगळं त्या एका भोकातून वाया जातं.

बाटली कारखान्यातून आली म्हणजे निर्जंतुकच, हा भरवसाही एकदा तुटला. १९७०-७१ मध्ये अमेरिकेत अनेक रुग्णालयांत एकाच प्रकारचे जंतू रुग्णांच्या रक्तात सापडू लागले. मूळ निघालं सलाईनच्या बाटल्यांच्या झाकणात. त्यातूनच सेट दर २४ तासांनी बदलायचा दंडक आला. पुढे अभ्यासांनी ती मुदत वाढवली. सेटवर तारीख-वेळ लिहायची सवय त्याच काळजीतली आहे.

शिरेत सुई घालणं फार काळ डॉक्टरांचंच काम होतं. १९४० मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने ही जबाबदारी ॲडा प्लमर या नर्सकडे दिली, तिथून वाट बदलली. आपल्याकडे ती जबाबदारी आली, पण हाताखाली माणसं आली नाहीत. रात्रपाळीला एक सिस्टर आणि भरलेला वॉर्ड, हे चित्र मला अजूनही टोचतं. भारतातल्या इंजेक्शनांवरच्या देशव्यापी अभ्यासात, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, सुमारे ६३ टक्के इंजेक्शनं असुरक्षित आढळली होती.

आणि इथे सलाईन खरोखर लागते तेव्हा चुकायला जागा नसते. धानपट्ट्यात साप चावलेल्याला सर्पविषप्रतिबंधक लस शिरेतूनच जाते आणि तिची जोरदार ॲलर्जी येऊ शकते, म्हणून त्यावरच्या ॲड्रिनॅलिनने भरलेली सिरिंज आधी ट्रेमध्ये हवी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा झालेले शेतकरी आले, तशा रुग्णांना ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध शिरेतून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. सिकलसेलच्या पोरांच्या तर शिराच दमलेल्या असतात. वेदनेने कळवळणाऱ्या अशाच एका मुलीचा हात मी कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून बसले होते. दहा मिनिटांनी मनगटाजवळ एक बारीक शीर बोटाला लागली. २४ नंबरचं पिवळं कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) बसलं. बाटलीवर चिकटपट्टीची उभी रेघ लावून तासातासाच्या खुणा केल्या आणि तिच्या आईला म्हटलं, "माय, पाणी या खुणेच्या खाली लवकर गेलं, नाहीतर हात सुजला, तर मला हाक मारजो." पहाटे तीनला तिने हाक मारली. हात सुजला होता.