नागपुरात मॅन्युफॅक्चरिंगचं एमटेक: आधी कारखाना, मग वर्ग

"बीई तं झालं ना तुयं, आता अजून कायले शिकतं?" मॅन्युफॅक्चरिंगमध्ये एमटेक करायला निघालेल्या नागपूरच्या मुलामुलींना घरातलं मोठं माणूस हे विचारतंच. त्यात पैशाची काळजी असते. दोन वर्षं पगार नाही, आणि 'गेट' या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळाला तरी विद्यावेतन महिन्याला १२,४०० रुपये. पण त्यात आणखी एक शंका असते: मशीनवरचं काम मशीनवरच शिकायचं असतं, ते वर्गात बसून काय शिकणार? ही शंका मला मोलाची वाटते. या पदवीचा सगळा इतिहास याच शंकेचं उत्तर शोधत पुढे आलेला आहे.

नागपुरात तरी कारखाना आधी आला आणि वर्ग फार उशिरा. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे इथे पोचली. दहा वर्षांत, १ जानेवारी १८७७ ला, जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्या मुंबईत काढायच्या तो हा काळ. टाटांनी मात्र कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी नेली, आणि जागा निवडली ती दलदलीची. व्यवस्थापक म्हणून आणले बेझनजी मेहता. ते रेल्वेच्या मालवाहतुकीतले, कापडाचं ज्ञान शून्य. तरीही १८८३ च्या सुमारास याच गिरणीत सूत कातायच्या नव्या रिंग चात्यांचा प्रयोग झाला. इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीवाले तेव्हा म्यूल या जुन्या कताई यंत्रावर समाधानी होते. रिंग चाती जास्त वेगानं फिरते हे कळल्यावर इथे ती लावून पाहिली, जमलं, मग वाढवली. मशीन लावायचं, मोजायचं, बदलायचं आणि पुन्हा मोजायचं, हेच उत्पादन अभियांत्रिकीचं मूळ काम. ते नागपुरात १९ व्या शतकात होत होतं, फक्त त्याला पदवी नव्हती. जे कळायचं ते जॉबरच्या (कामगारांच्या मुकादमाच्या) आणि फिटरच्या हातात राहायचं आणि त्यांच्याबरोबरच निवृत्त व्हायचं.

हातातली ही विद्या कागदावर उतरवण्याचं सर्वांत चिकाटीचं काम अमेरिकेत झालं. फ्रेडरिक टेलर हा फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यातला माणूस. त्याला एवढंच हवं होतं की लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, कुठल्या वेगानं, किती खोल काप घ्यायचा हे ते चालवणाऱ्या टर्नरच्या अंदाजावर राहू नये. १८८० मध्ये सुरू केलेले प्रयोग २६ वर्षं चालले. ३० ते ५० हजार प्रयोगांची नोंद झाली आणि आठ लाख पौंडांहून जास्त, म्हणजे साडेतीनशे टनांवर, लोखंड-पोलादाचा चुरा पडला. १९०६ मध्ये त्यानं हे सारं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनीअरांच्या संस्थेपुढे मांडलं. वेग वाढवला की टूलची, म्हणजे धातू कापणाऱ्या हत्याराची, धार किती लवकर जाते, हे सांगणारं त्याचं समीकरण आजही एमटेकच्या पहिल्या सत्रात फळ्यावर येतं. कामगाराचा अंदाज काढून घेऊन तो कचेरीत नेण्याबद्दल टेलरवर कामगार संघटनांनी टीका केली. ती टीका रास्त आहे असं मला वाटतं, आणि वर्गात तीही शिकवली जायला हवी.

या विषयाच्या नावांचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये १९२१ साली प्रॉडक्शन इंजिनीअरांची संस्था निघाली. अमेरिकेत १९३२ मध्ये जी संस्था निघाली ती टूल इंजिनीअरांची. १९६० मध्ये तिच्या नावात मॅन्युफॅक्चरिंग हा शब्द जोडला गेला आणि पुढच्या दहा वर्षांत टूल गळून नुसतं मॅन्युफॅक्चरिंग उरलं. या काळात खूप काही घडलं होतं. १९४० च्या दशकात यूजीन मर्चंट यांनी धातू कापताना त्याची चिप (किस) कशी सुटते याचं बलांचं गणित मांडलं. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या अचूक आकारासाठी जॉन पार्सन्स यांनी आकड्यांवर मशीन चालवण्याची कल्पना मांडली, आणि १९५२ मध्ये एमआयटीत आकड्यांवर चालणारी मिलिंग मशीन दाखवली गेली. मशीनला आकडे कळू लागल्यावर टर्नरच्या शेजारी गणित जाणणारा माणूस लागणारच होता. आपल्याकडे जुन्या महाविद्यालयांत 'प्रॉडक्शन' आणि नव्या अभ्यासक्रमांत 'मॅन्युफॅक्चरिंग' दिसतं, त्यामागे या दोन परंपरा आहेत. विषयाचा गाभा एकच. पाटी पाहून गोंधळू नये, पेपर कोणते आहेत ते पाहावं.

आता पुन्हा नागपूर. विद्यापीठ १९२३ चं. कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं दिलेल्या संपत्तीतून १९४२ मध्ये एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, उभी राहिली, पण ती रासायनिक तंत्रज्ञानाची. मध्य प्रांताचं पहिलं अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये झालं ते जबलपूरला. राजधानी नागपूर, पण इंजिनीअर व्हायचं तर जबलपूर, पुणे किंवा मुंबई. जुलै १९५६ मध्ये नागपुरात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यपुनर्रचनेनं विदर्भ मुंबई राज्यात आला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. विदर्भातल्या पालकांना तेव्हा हे घरचं महाविद्यालय किती मोठा आधार वाटलं असेल!

महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. पुढच्याच महिन्यात हे सरकारी महाविद्यालय सामावून घेत विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज सुरू झालं, केंद्र आणि राज्य दोघांच्या पैशातून. जुने नागपूरकर अजूनही त्याला व्हीआरसीईच म्हणतात. २००२ मध्ये ते व्हीएनआयटी, म्हणजे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, झालं. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा देशपातळीवर विचारही याच सुमारास झाला. त्यासाठीची एम. एस. थॅकर यांच्या अध्यक्षतेखालची समिती १९५९ ची. बंगळुरूला मशीन टूल, म्हणजे लेथसारखी यंत्रं, बनवणारी सरकारी कंपनी एचएमटी १९५३ मध्ये आली होती, आणि १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीनं मशीन टूल संस्था निघाली. मशीन बाहेरून आणता येतं, पण ते घडवणारा, तपासणारा माणूस इथेच तयार करावा लागतो, हे तेव्हा पटलं होतं. व्हीएनआयटीच्या मेकॅनिकल विभागात या विषयाच्या शाखा इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग आणि कॅड-कॅम (संगणकाच्या मदतीनं आराखडा आणि उत्पादन) अशा नावांनी आल्या.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पुढे हिंगण्याला औद्योगिक वसाहत झाली, महिंद्राचे ट्रॅक्टर तिथे बनू लागले, अंबाझरीला आयुध निर्माणी आली, नंतर बुटीबोरी. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित महाविद्यालयांना वाट करून दिली आणि १९८४ मध्ये नागपुरात ती पटापट उघडली. वानाडोंगरीचं वायसीसीई हे महाविद्यालय तर हिंगणा एमआयडीसीच्या शेजारीच. कारखाना आणि वर्ग एका रस्त्यावर आले. ते एकमेकांशी पुरेसं बोलले, असं मात्र मला म्हणवत नाही. अनेक प्रबंध सॉफ्टवेअरवर सुरू होऊन सॉफ्टवेअरवरच संपतात आणि शेजारच्या शेडमध्ये रोज भंगारात जाणाऱ्या पार्टकडे कुणी पाहत नाही, याचं वाईट वाटतं.

बीईच्या चार वर्षांत उष्णतागतिकी, द्रवयांत्रिकी, यंत्ररचना हे सगळं असतं, त्यामुळे ओतकाम, घडकाम, कातकाम यांच्या वाट्याला मोजकेच पेपर येतात. पूर्वी ते पुरायचं. आता तसं नाही. विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात टाटांच्या कारखान्यात बोईंग ७८७ विमानाच्या फ्लोअर बीम (तळाच्या तुळया) बनू लागल्या त्या कार्बन तंतूंच्या कंपोझिटच्या, म्हणजे थरांवर थर चिकटवलेल्या मालाच्या. या मालाला भोक पाडताना ड्रिल चुकलं तर थर सुटतात, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. २०१७ मध्ये दासो या फ्रेंच विमान कंपनीच्या आणि रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली. फाल्कन २००० विमानाची पूर्ण जुळणी नागपुरात होणार, असं २०२५ च्या जूनमध्ये जाहीर झालं. २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय अंबाझरीलाच आहे. इथे लागणारं मोजमापशास्त्र, धातूरूपणाचं गणित, संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण बीईच्या दोन पेपरांत बसत नाही.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आता एम्प्रेस मॉल आहे.

घरातल्या मोठ्या माणसाच्या शंकेचं उत्तर टेलरच्या समीकरणातच आहे. त्यात वेग आणि टूलचं आयुष्य यांच्याखेरीज एन आणि सी असे दोन आकडे येतात. ते टूल बदललं की बदलतात, धातू बदलला की बदलतात. पुस्तकातल्या तक्त्यावरून अंदाज येतो, पण नेमके आकडे हवे असतील तर तेच टूल, तोच धातू घेऊन लेथसमोर उभं राहावं लागतं, काप घ्यावा लागतो आणि धार किती गेली ते दर काही मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. एमटेकच्या दुसऱ्या वर्षी नेमकं हेच करायला वेळ मिळतो.