मोटारीच्या एसीची घरगुती देखभाल (मराठवाडा)

मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेची गॅरेजमध्ये न जाता घरच्या अंगणात स्वतः केलेली साफसफाई, तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती. मराठवाड्यात हे काम बहुधा होळीच्या आसपास, लग्नसराई आणि कडक ऊन सुरू होण्याआधी निघते. एसी थंड करत नाही म्हटले की ‘गॅस संपला असेल’ हे उत्तर ठरलेले. पण हा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झालाच तर कुठून तरी गळालेला असतो. इकडच्या गाड्यांत दुखण्याचे मूळ पुष्कळदा धुळीत सापडते. धूळ काढणे घरी जमते. वायू भरणे सहसा जमत नाही. घरगुती देखभालीची हद्द एवढ्यावरून ठरते.

यंत्रणा : इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो, त्यामुळे तो तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ही उष्णता बाहेरच्या हवेला देऊन वायूचा द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा टिपून घेतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक वाटेतून जाताना दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये हा द्रव उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. हवेतली वाफ कॉइलवर जमून पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली ठिबकते.

पूर्वी यासाठी आर-१२ हा वायू वापरत. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाला आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. साध्या दाबाला हा उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. ओझोनला तो त्रास देत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट धरली जाते. त्याचा वापर कमी करण्याचे बंधन याच करारात २०१६मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीने आले; भारताने ती २०२१मध्ये मान्य केली. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. कोणता वायू आणि किती ग्रॅम, हे बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर छापलेले असते. काहीही करण्याआधी ते वाचावे.

धूळ आणि कंडेन्सर : काळ्या मातीचा फुफाटा, सोयाबीनच्या मळणीचे भुस्कट आणि जिनिंगच्या परिसरातले कापसाचे तंतू यांची मिळून कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांवर एक गादी बसते. थंड हवेच्या प्रदेशात ती चालून जाते. परभणी-नांदेडच्या ४३ अंशांच्या दुपारी मात्र बाहेरच्या हवेला उष्णता द्यायची तर कंडेन्सरला तिच्याहून बरेच जास्त तापावे लागते. तो ६० अंशांवर गेला की आतला दाब सुमारे १७ बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) होतो. त्यात हवेचा रस्ता तुंबलेला असेल तर दाब आणखी चढतो आणि सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. गाडीवाल्याला वाटते, गॅस गेला.

ओळखण्याची खूण सोपी आहे. समृद्धी महामार्गावर भरधाव जाताना हवा थंड लागते आणि टोलनाक्यावर किंवा रेल्वे फाटकात थांबल्यावर कोमट होते, तर संशय कंडेन्सरवर किंवा त्याच्या पंख्यावर घ्यावा. वेगात समोरचा वारा पंख्याचे काम करतो. थांबल्यावर तो आधार जातो. उलट, तासभर छान चालून हवेचा झोतच मंदावला आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत झाला, तर कॉइलवर बर्फ धरला आहे. त्यात पहिला आरोपी केबिन फिल्टर, म्हणजे कॉइलकडे जाणारी हवा गाळणारा फिल्टर.

कंडेन्सर धुताना इंजिन थंड आणि बंद असावे. आधी मऊ ब्रशने, पत्र्यांच्या उभ्या रेषेतच, सुके भुस्कट झाडून घ्यावे. मग बागेच्या नळीने हलक्या धारेत, जमल्यास आतून बाहेर, पाणी सोडावे. वॉशिंग सेंटरवरची जोराची धार पत्रे लोळवते आणि वाट कायमची बुजते. ज्या भागातल्या लातूर शहराला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे कंडेन्सरवर नळी मोकळी सोडा असे सांगणे शोभत नाही. नीट झाडून घेतले तर बादलीभर पाणी पुरते. बोअरचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पत्र्यांवर पांढरा क्षार राहतो. आरओचे टाकाऊ पाणी त्याहून क्षारट, म्हणून ते नकोच. घरात कूलरऐवजी एसी असेल तर त्याच्या नळीतून पडणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. शेवटचा हात त्याचा फिरवावा.

केबिन फिल्टर : बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि पाना-पेचकस न लागता निघतो. काही स्वस्त गाड्यांत खाच असते, फिल्टर कंपनीतून आलेलाच नसतो. तेव्हा सगळी धूळ थेट ओल्या कॉइलवर जाऊन चिखल होतो. कंपनीने सांगितलेले बदलीचे अंतर गुळगुळीत रस्त्यासाठी ठीक आहे. इथे दिवाळीत मळणी संपल्यावर आणि पुन्हा मार्चमध्ये तो काढून पाहावा. कागदी फिल्टर धुऊ नये, फार तर आपटून झटकावा. बसवताना बाणाची दिशा पाहावी. आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) उभ्या राहणाऱ्या गाडीत फिल्टरच्या कप्प्यात उंदराने कापूस, कागद आणून घर केलेले निघते. त्या वेळी ब्लोअरच्या वायरीही पाहून घ्याव्यात.

वायूची बाजू : घरी करण्यासारखी तपासणी एवढीच. जोडांवर तेलकट डाग आहे का पाहणे (वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते), संशयित जागी साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधणे, भरण्याच्या तोंडांवरची टोपणे जागेवर आहेत ना हे बघणे आणि एसी लावताच कॉम्प्रेसरच्या क्लचचा (तो कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या चाकाशी जोडतो) ‘टक’ आवाज येतो का ऐकणे. अलीकडच्या काही कॉम्प्रेसरना असा क्लचच नसतो, त्यामुळे आवाज नाही म्हणून घाबरू नये.

डबा आणि मीटर आणून घरी वायू भरण्याचे प्रयोग होतात. त्यातली मोठी फसगत दाबाच्या वाचनात आहे. बंद यंत्रणेत थोडासा द्रव शिल्लक असला तरी दाब तापमानावर ठरतो, वायूच्या प्रमाणावर नाही. ३० अंशांना निम्म्या भरलेल्या गाडीतही काटा पावणेसात बारच्या आसपास उभा राहू शकतो. म्हणून गॅरेजचे यंत्र आधी जुना वायू काढून घेते, मग निर्वात करून आतला ओलावा उकळवून बाहेर काढते आणि शेवटी वजनाने मोजून भरते. छोट्या गाडीत एकूण वायू सहसा अर्ध्या किलोच्या आतबाहेर. तिथे शंभर ग्रॅम जास्त झाले तरी उन्हात दाब भडकतो. डबा चुकून जास्त दाबाच्या तोंडाला लागला तर फुटू शकतो. ठरलेल्या जोडण्यांचे माप दोन्ही बाजूंना वेगळे ठेवले आहे ते यासाठी. जुगाड करून ही सोय मोडू नये. द्रव कातडीवर किंवा डोळ्यात उडाला तर ती जागा गोठते. स्वस्तात मिळते म्हणून एलपीजीच्या जातीचा वायू भरणे म्हणजे ज्वलनशील वायूची गळती डॅशबोर्डमागे आणून ठेवणे. गळती बुजवणारी रसायनेही टाळावीत, कारण ती पुढे गॅरेजच्या यंत्रातही अडकतात आणि मग गाडीला कोणी हात लावत नाही.

वर्षाचे इतर ऋतू : पावसाळ्यात कॉइल ओली राहून बुरशीचा कुबट वास येतो. घर येण्याआधी चार-पाच मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर ती वाळते. गाडीखाली पाणी पडणे थांबले आणि डावीकडच्या सीटपुढची मॅट ओली झाली, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. ती खालून मऊ वायरीने हळूच मोकळी करावी. थंडीत महिनोन्‌महिने एसी बंद ठेवण्याची रीत कॉम्प्रेसरला मानवत नाही. आतले तेल वायूबरोबरच फिरते आणि ते न फिरल्यास दांड्यावरचे सील सुकून गळू लागते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे तो चालवावा.

विजेवरच्या आणि हायब्रिड गाड्यांत कॉम्प्रेसर बहुधा उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याला वेगळे, वीजरोधक तेल लागते. नारिंगी रंगाच्या केबलजवळ घरी काहीही उघडू नये. अशा गाडीत घरच्या माणसाच्या वाट्याला केबिन फिल्टर आणि गाडी बंद असताना बाहेरून कंडेन्सर झाडणे, इतकेच उरते.