खाणीसाठी तोडलेलं लाकूड कंपनीचं नसतं

चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे : जंगल खाणीला दिलं की त्यावरचा सागही कंपनीचा, ती तो विकून पैसा करते. हे खरं नाही.

१९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी मिळते ती जमीन वनेतर कामासाठी वापरण्याची. जमिनीचा ‘वन’ हा कायदेशीर दर्जा तसाच राहतो आणि सरकारी वनातली झाडं सरकारचीच राहतात. तोड होते ती वनविभागाच्या देखरेखीखाली. तिचा खर्च मात्र कंपनीने भरायचा. आधी प्रत्येक झाडाची गोलाई मोजून नोंद होते. पाडल्यावर ओंडक्यांवर वनविभागाच्या हातोड्याची छाप पडते, वाहतूक पास निघतो आणि माल विक्री आगारात जातो. तिथे इमारती लाकूड आणि जळाऊ लाकडाचे ढीग (बीट) वेगळे करून लिलाव होतो. बल्लारशाहचं आगार तर सागासाठी देशभर ओळखलं जातं. लिलावाचा पैसा सरकारजमा.

भरपाई वनीकरण (गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावणं) आणि वनाचं निव्वळ वर्तमान मूल्य (जंगल गेल्याने पुढे बुडणाऱ्या फायद्यांची आजची किंमत) यांची रक्कम कंपनी वेगळी भरते. ती लाकडाची किंमत नव्हे! इथेच बहुतेकांची गल्लत होते.

बांबूचं वेगळं आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पन्न, ठरला; सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात त्यावर ग्रामसभेची मालकी असते. लाकूड मात्र सरकारचंच. म्हणून माझं कळकळीचं सांगणं : गावाजवळ तोड सुरू झाली तर ओंडक्यावरची छाप पाहा, गाडीचा पास विचारा. दोन्ही नसतील, तर लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.