मराठवाड्यातील पर्यटकांचा मुक्काम : देशी आणि परदेशी

मराठवाड्यातली हॉटेले, लॉज, भक्तनिवास, यात्रीनिवास, धर्मशाळा आणि पुजाऱ्यांची घरे यांत पाहुणे कोठून येतात, किती रात्री राहतात आणि हे चित्र कसे बदलत गेले, याचा विचार या नोंदीत केला आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत परदेशी पाहुण्यांचा मुक्काम मुख्यतः दोनच शहरांत होतो : वेरूळ-अजिंठ्यामुळे संभाजीनगरात आणि गुरुद्वाऱ्यामुळे नांदेडात. देशी मुक्काम मात्र देवस्थानांभोवती विखुरलेला आहे. तो तिथी-वार पाहून चालतो आणि त्याचा मोठा भाग हॉटेलच्या नोंदवहीत कधी येतच नाही. इथे माणसे दर्शनाला फार येतात, मुक्कामाला कमी राहतात, आणि या भागाच्या पर्यटनाचे खरे दुखणे तेच आहे.

मोजणी. पाहुणे आणि पाहुण्यांच्या रात्री हे दोन वेगळे आकडे आहेत. दोघे जण तीन रात्री राहिले तर पाहुणे २ आणि रात्री ६. रात्रींना पाहुण्यांच्या संख्येने भागले की सरासरी मुक्काम मिळतो. रात्र न काढता परतणारा तो दिवसाचा प्रवासी. केंद्रीय पर्यटन मंत्रालय राज्यवार देशी व परदेशी भेटींचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करते. त्यात एकच परदेशी तीन राज्यांत उतरला तर तीनदा मोजला जातो, म्हणून भेटींची बेरीज म्हणजे माणसांची संख्या नव्हे. लेण्यांच्या तिकिटांवरूनही मुक्कामाचा अंदाज फसतो. २०१८ पासून अजिंठा-वेरूळला भारतीयांना ४० रुपये आणि परदेशींना ६०० रुपये तिकीट आहे. पण सार्क (दक्षिण आशियाई देशांची संघटना) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना) यांतल्या देशांच्या नागरिकांना भारतीय दर लागू होतो आणि १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. त्यामुळे थायलंड किंवा श्रीलंकेहून अजिंठ्याला आलेला भिक्खू लेण्याच्या खिडकीवर ४० रुपयांच्या तिकिटात जातो, आणि तोच रात्री हॉटेलात उतरला की परदेशी म्हणून नोंदला जातो.

हॉटेलातली नोंद कशी होते हे पाहिले की हा फरक आणखी उमगतो. परदेशी पाहुणा आला की पारपत्र व व्हिसाचा तपशील घेऊन २४ तासांच्या आत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (‘सी फॉर्म’ म्हणून ओळखला जाणारा) ऑनलाइन भरावा लागतो. दर माणसाला वेगळा फॉर्म. देशी कुटुंबाला मात्र रजिस्टरात बहुधा एकच ओळ मिळते : कर्त्या माणसाचे नाव, कोठून आले, कोठे जाणार, कशासाठी, एकूण माणसे किती. क्रूझर गाडीतून उतरलेल्या अकरा जणांनी दोन खोल्या आणि चार जादा गाद्या घेतल्या, तर त्या अकरांचे रजिस्टरात काय होते हे लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. तुळजापूर, परळीसारख्या ठिकाणी ‘अंघोळीपुरती खोली’ ही रोजची मागणी आहे : पहाटे पोचायचे, दोन-तीन तास खोली घ्यायची, अंघोळ करून दर्शनाच्या रांगेत लागायचे आणि दुपारी गावाची वाट धरायची. लॉजवाल्याचा धंदा होतो, पाहुणाही वाढतो, पण रात्र एकही होत नाही.

पूर्वपीठिका. अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला मोगलकालीन सराई आहे. पुढे निजामाच्या राजवटीत लेणी पाहायला येणारे अभ्यासक आणि अधिकारी याच गावच्या बंगल्यात व अतिथिगृहात उतरत, आणि आज महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही इथेच आहे. तीन राजवटींत मुक्कामाची जागा बदलली नाही. कारण साधे आहे : संभाजीनगर सुमारे १०० किलोमीटर दूर, आणि लेणी सकाळच्या उन्हात पाहायची तर जवळच राहायला हवे. संभाजीनगरातली पाणचक्की बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. फकीर आणि वाटसरूंच्या अन्नासाठी तिथे दळण होई. ‘मुसाफिर’ हे नावच त्या जागेचा स्वभाव सांगते.

परदेशी मुक्काम. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ची. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी जागतिक वारसा यादीत गेली. जपानच्या कर्जातून १९९२ पासून अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्प झाला. त्यातून रस्ते, विमानतळ आणि लेण्यांभोवतीच्या सोयी सुधारल्या. बौद्ध देशांतून येणारे गट ठरलेल्या कार्यक्रमाने येतात, साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात. एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, म्हणजे सहसा दोन रात्री. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हेही इथे मोठे ठरते. वार चुकला की एक तर रात्र वाढते, नाहीतर एक लेणे राहून जाते; गटाचे तिकीट आधीच काढलेले असल्याने बहुतेकदा लेणेच राहते. दख्खन ओडिसीसारख्या आलिशान गाडीचे प्रवासी शहरात येऊन लेणी पाहतात, पण झोपतात गाडीतच.

नियमित आंतरराष्ट्रीय विमान संभाजीनगरला येत नाही, म्हणून परदेशी पाहुणा मुंबई-दिल्लीच्या जोडविमानावर अवलंबून असतो. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली तेव्हा हा दोरा किती बारीक आहे ते दिसले. वर्षभरात कोविड आला आणि मार्च २०२० मध्ये लेणीच बंद झाली. देशभरात परदेशी पर्यटकांचे आगमन २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ९ लाख होते. २०२० मध्ये ते २७ लाखांवर आणि २०२१ मध्ये १५ लाखांवर आले. परदेशी गटांवर बेतलेल्या शहराला याचा फटका सर्वांत आधी बसला. त्या काळात हॉटेले तगली ती मुख्यतः वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या उद्योगांत कामाला येणाऱ्यांवर आणि लग्नसराईवर.

नांदेडचा परदेशी पाहुणा निराळा. तख्त सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला कॅनडा, इंग्लंड, अमेरिकेतून शीख कुटुंबे येतात. त्यांच्या हातात परदेशी पारपत्र असते, पण ती उतरतात यात्रीनिवासात आणि जेवतात लंगरमध्ये. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या (गुरू ग्रंथसाहिबला गुरुपद दिल्याच्या घटनेच्या) त्रिशताब्दीनिमित्त शहरात रस्ते, विमानतळ आणि निवासाच्या सोयी उभ्या राहिल्या. संभाजीनगरच्या पाहुण्यापेक्षा हा पाहुणा हॉटेलवर खर्च कमी करतो, पण तो भावनेने बांधलेला आहे आणि पुन्हा येतो.

देशी मुक्काम. तुळजापुरात जुनी रीत पुजाऱ्याच्या घरी उतरण्याची. घराण्याचा पुजारी ठरलेला असतो. आजोबा जिथे उतरले तिथेच नातू उतरतो, नैवेद्याचा स्वयंपाकही तिथेच होतो. शारदीय नवरात्रात आणि कोजागरीला सोलापूर व कर्नाटकाकडून चालत येणाऱ्यांची संख्या कोणत्याही हॉटेलात मावणारी नाही. पैठणला नाथषष्ठीला दिंड्या मठांत आणि राहुट्यांत राहतात. माहूरला नवरात्र, येरमाळ्याला चैत्री पौर्णिमा; घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथला महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार. महाराष्ट्रातली पाच ज्योतिर्लिंगे एका फेरीत करणाऱ्या बसमधले प्रवासी रात्रीचा प्रवास करून खोलीचे भाडे वाचवतात. या माणसांना ‘पर्यटक’ म्हटलेले रुचणार नाही. पण पर्यटनाच्या व्याख्येत ती बसतात, आणि मराठवाड्यात मुक्कामाचा खरा भार त्यांचाच आहे. भक्तनिवासांच्या पावत्या आणि पुजाऱ्यांच्या घरची माणसे धरली नाहीत, तर या भागाचे आकडे अर्धवट राहतात.

मुक्काम बाहेर जाणे. अजिंठा मराठवाड्यात आहे, पण रेल्वेने येणाऱ्याला जळगाव जवळ पडते, साधारण ६० किलोमीटर. तो खानदेशात राहतो आणि अजिंठा पाहून परततो. शिर्डीला उतरलेले कुटुंब सकाळी निघून वेरूळ आणि घृष्णेश्वर करून रात्री शिर्डीतच झोपते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी असा सुरू झालेला समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईकडे पूर्ण झाला. डिसेंबर २०२३ पासून धावणारी जालना-मुंबई वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत गेली. वेग वाढला की शनिवार-रविवारचा पाहुणा वाढतो, तसा संध्याकाळी परत निघणाराही वाढतो.

ऋतुमान. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, हॉटेलांचा टँकरवरचा खर्च वाढतो आणि खोल्या लग्नाच्या वऱ्हाडासाठी जातात. पावसाळ्यात परदेशी गट थांबतात, पण वाघूरच्या घळीत अजिंठ्याचा धबधबा कोसळू लागला की पुण्या-मुंबईची आणि आसपासच्या जिल्ह्यांतली तरुण मंडळी गाड्या काढून येतात. म्हैसमाळ, खुलताबाद, वेरूळची वाट शनिवारी गाड्यांनी भरते. त्यांतले बरेच जण भद्रा मारुतीचे दर्शन घेऊन, भाजलेली कणसे खाऊन अंधार पडायच्या आत घरी परततात.